तानपुरा गेला कुठे?

अशी कल्पना करा की, तुमच्या शाळेत एका गायिकेच्या गाण्याचा कार्यक्रम ठरला आहे. ध्वनिक्षेपक वगैरे काही नाही. वर्गातली बाके बाजूला सारून सतरंजी अंथरली आहे. बाई मधोमध बसल्या आहेत, मागे तानपुरा, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी. तुम्ही पुढच्या रांगेत बसून घरचा मोबाइल फोन समोर धरता आणि पाऊण तासाचे गाणे मुद्रित करून घेता. घरी आल्यावर मोठ्या हौसेने सर्वांना ऐकवायला बसता, आणि पाहता तो काय! तानपुरा सुरुवातीला काही सेकंद ऐकू येतो आणि मग विरून जातो. आलापीत बाई क्षणभर थांबल्या की मागच्या रांगेतल्या कुणाचे तरी खोकणे एकदम मोठे होऊन पुढे येते. तबल्याचा ठेका सुरू झाला की प्रत्येक समेला गाण्याचा आवाज दबतो आणि पुन्हा हळूहळू वर येतो, जणू कोणी रेडिओची खुंटी खालीवर करीत बसला आहे.

फोन बिघडला आहे का? मुळीच नाही. त्याने आपले काम चोख केले आहे. फक्त ते काम गाणे मुद्रित करण्याचे नव्हते.

फोन मुळात बोलण्यासाठी बनलेला. बोलणारा माणूस रिक्षात असेल, बाजारात असेल, गिरणीत असेल. त्याचे बोलणे तेवढे पलीकडे जावे आणि भोवतालचा गोंगाट गाळला जावा, अशी योजना अनेक फोनांत केलेली असते. पण बोलणे कोणते आणि गोंगाट कोणता हे यंत्राला कळावे कसे? त्यासाठी एक युक्ती वापरतात. माणसाच्या बोलण्यात क्षणाक्षणाला बदल होतो. स्वर, व्यंजन, विराम, पुन्हा स्वर. याउलट इंजिनाची घरघर किंवा पंख्याचा आवाज बराच वेळ एकसारखा राहतो. म्हणून यंत्र असा हिशेब करते की, जे बदलते ते बोलणे आणि जे बदलत नाही तो गोंगाट. काही सेकंद ऐकून ते न बदलणाऱ्या आवाजाचा अंदाज बांधते आणि तेवढा भाग वजा करू लागते. आता बिचाऱ्या तानपुऱ्याचा तर सगळा मोठेपणाच न बदलता अखंड वाजत राहण्यात आहे! पंखा आणि तानपुरा यांत यंत्राला फरक दिसत नाही. पेटीवर धरून ठेवलेला षड्ज, एकतारी, सनईबरोबरची सूर, या सगळ्यांवर हीच पाळी येऊ शकते.

दुसरी योजना आवाज आपोआप सांभाळण्याची. हळू बोलणाऱ्याचा आवाज ती वाढवते, ओरडणाऱ्याचा कमी करते. संभाषणाला ही मोठीच सोय. पण गाण्यात लहानमोठेपणा हा गाण्याचाच भाग असतो. हळुवार घेतलेली मींड आणि दणक्यात आलेली तिहाई एकाच उंचीची करून टाकली, तर गाण्यात उरले काय?

तुमच्या घरच्या फोनात किंवा रेकॉर्डरमध्ये या योजना चालू आहेत की नाहीत, हे शोधून काढायला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही. खोलीतला पंखा बंद करा. टिकटिक करणारे भिंतीवरचे घड्याळ किंवा गजराचे घड्याळ यंत्रापासून हातभर अंतरावर ठेवा. मुद्रण सुरू करून वीस सेकंद अगदी गप्प बसा. मग यंत्राजवळ एकदाच जोरात टाळी वाजवा आणि पुन्हा वीस सेकंद गप्प बसा. आता ते ऐका. टाळीच्या आधी आणि नंतर टिकटिक सारखीच असेल, तर यंत्र आवाजात ढवळाढवळ करीत नाही. टाळीनंतर टिकटिक एकदम क्षीण होऊन हळूहळू पूर्ववत होत असेल, तर आपोआप सांभाळणारी योजना चालू आहे हे ओळखा. दुसऱ्या प्रयोगासाठी खरा तानपुरा, किंवा वीजेवर चालणारी तानपुऱ्याची पेटी, मिनिटभर एकसारखी वाजवून मुद्रित करा. पहिल्या पाच सेकंदांतला आवाज आणि शेवटच्या पाच सेकंदांतला आवाज ताडून पाहा. काय झाले ते सांगायला नको!

काही फोनांत या योजना बंद करता येतात, आणि आवाज न छाटता जसाच्या तसा साठवणारी ॲपेही मिळतात. तुमचा फोन या दोन्ही परीक्षांत उतरला, तर एकट्या माणसाचे गाणे किंवा बासरी टिपण्यापुरता तो खुशाल वापरा. नवे काही विकत घेण्याची घाई नको. पण तो नापास झाला आणि तुम्हाला खरोखर गाणे टिपायचे असेल, तर छोट्या रेकॉर्डरचा विचार करायला हवा.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. मोठ्या गवयांची गाणी तर हवी तेव्हा मिळतात! खरे आहे. पण तुमच्या आजीला येत असलेल्या जात्यावरच्या ओव्या कुठे मिळतील? गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, पहाटेचे दळण थांबले, आणि दळताना गाण्याचे निमित्तही गेले. मूळचे फ्रान्सचे असलेले गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारांहून अधिक गावांत या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. पुढे बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकाने त्यांच्याबरोबर काम केले आणि त्यांतल्या काही ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. आता गंमत पाहा. कागदावर उतरवलेली ओवी वाचता येते, पण तिची चाल, मध्येच घेतलेला श्वास, जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबणारा शेवटचा स्वर हे कागदावर येत नाही. ते फक्त आवाजातच असते. आणि ज्या बायकांनी तरुणपणी जाते ओढले, त्या आज म्हाताऱ्या झाल्या आहेत. हे मुद्रण एकदा चुकले तर ‘पुन्हा एकदा घेऊ’ असे म्हणता येईलच असे नाही.

गाणे असेल तिथे यंत्र घेऊन जाण्याची ही धडपड जुनी आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनवला आणि १८९० साली अमेरिकेतील जेसी वॉल्टर फ्यूक्स याने तो नेऊन पासामाक्वॉडी या तेथील आदिवासी लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर टिपली. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले. तीन मिनिटांत राग संपवावा लागे! शेवटी त्या आपले नाव इंग्रजीत सांगतात ते यासाठी की, तबकडी परदेशात तयार होताना कोणाची कोणती हे कारागिरांना कळावे. १९५१ साली स्टेफान कुडेल्स्की याने ‘नाग्रा’ नावाचा, खांद्याला अडकवून नेता येईल असा टेपरेकॉर्डर केला. तो जन्माने पोलंडचा, आणि पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मुद्रित करील’ असा आहे. १९६३ साली फिलिप्स कंपनीची कॅसेट आली आणि हौशी माणसाच्या हातात मुद्रण आले. पण कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. तिच्यावर गाण्यामागे सतत एक ‘सर्रर्र’ असा आवाज येई. तुमच्या घरी जुन्या कॅसेट असतील तर ऐकून पाहा.

आजच्या रेकॉर्डरमध्ये फीत नाही, काही फिरत नाही. आवाजाचे आकडे होतात आणि ते नखाएवढ्या कार्डावर जाऊन बसतात. हे आकडे कसे होतात ते समजले की, दुकानातल्या पेट्यांवर छापलेल्या मजकुराला आपण भुलणार नाही.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातली आंदोलने. मायक्रोफोनचा पातळ पडदा त्या दाबाबरोबर हलतो आणि तशीच खालीवर होणारी विद्युत निर्माण होते. लहान रेकॉर्डरमध्ये बहुधा इलेक्ट्रेट जातीचे मायक्रोफोन असतात. या जातीत एका पापुद्र्यावर कायमचा विद्युतभार बसवलेला असतो. जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६२ साली हा मायक्रोफोन तयार केला, आणि चांगले मायक्रोफोन स्वस्त झाले ते तेव्हापासून. विद्युतेचे हे खालीवर होणे यंत्र ठराविक वेळाने मोजते. एकेका मोजणीला आपण नमुना म्हणू. सेकंदाला किती नमुने घ्यायचे? नियम असा की, जी सर्वांत मोठी वारंवारता टिपायची असेल, तिच्या दुपटीहून जास्त. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेव्हा ४०,०००च्या वर हवेत. म्हणूनच सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. काही रेकॉर्डरवर ‘९६ हजार’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. त्याने कार्ड मात्र दुप्पट वेगाने भरते. कानाला त्याचा उपयोग शून्य. ४४,१०० किंवा ४८,००० पुरे.

नमुना किती बारकाईने मोजला, हा दुसरा प्रश्न. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात. २४ बिटांत १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. एका बिटाने सुमारे ६ डेसिबेलांचा पल्ला वाढतो, हे लक्षात ठेवा. याचा व्यवहारातला फायदा असा. आकड्यांच्या मुद्रणाला एक छत असते. आवाज त्या छताला लागला की लहरीचे माथे सपाट कापले जातात आणि करकर असा आवाज येतो. तो नंतर कोणत्याही उपायाने नीट होत नाही. म्हणून शहाणा माणूस आवाजाचे सर्वांत मोठे टोकही छताच्या १२ डेसिबेल खाली राहील अशी खुंटी लावतो. याचा अर्थ दोन बिटे मोकळी सोडली. १६ पैकी १४ उरली. २४ पैकी २२ उरली, आणि या बावीसांतलीही शेवटची काही मायक्रोफोनच्या स्वतःच्या सरसरीतच बुडालेली असतात. म्हणजे २४ बिटे असली की खुंटी निर्धास्तपणे खाली ठेवता येते. नमुन्यांच्या संख्येपेक्षा बिटांकडे पाहा, असे मी म्हणतो ते यासाठी.

अलीकडच्या काही रेकॉर्डरना खुंटीच नसते! झूम या जपानी कंपनीचा २०२४ साली आलेला ‘एच-वन एसेन्शियल’ हा लहान रेकॉर्डर तसा आहे. त्यात ३२ बिटांची वेगळी पद्धत वापरतात. तुम्ही गणितात मोठी संख्या ३.२ × १०⁵ अशी लिहिता, आणि लहान संख्या ३.२ × १०⁻⁵ अशी. आकडे तेवढेच, पण घातांक बदलला की राईही लिहिता येते आणि पर्वतही. या पद्धतीत नमुना असाच लिहितात. फक्त १०च्या जागी २ असतो. पण नुसते लिहून भागत नाही, आधी मोजता आले पाहिजे. त्यासाठी आत दोन मोजणारी मंडले बसवतात. एक सोनाराचा काटा म्हणा, दुसरा वखारीचा. हळू आवाज सोनाराच्या काट्यावर मोजला जातो, दणका आला की वखारीच्या, आणि दोहोंचे आकडे बेमालूम जोडले जातात. मग आवाज लहान आला तर तो नंतर वाढवता येतो, मोठा आला तर कमी करता येतो. ज्याला मुद्रणाची सवय नाही आणि ज्याला एकच संधी आहे, त्याच्यासाठी ही फार उपयोगाची गोष्ट आहे. मात्र यात एक मेख आहे. मायक्रोफोनचा पडदाच सहन करणार नाही इतक्या जवळ ढोल बडवला, तर पुढचे आकडे कितीही हुशार असोत, करकर व्हायची ती होणारच. शिवाय हे मुद्रण संगणकावर थोडेफार सावरून घ्यावे लागते. घरी संगणकाची सोय नसेल, तर खुंटी असलेला साधा २४ बिटांचा रेकॉर्डर घेतलेला बरा.

किमतीचे काय? चांगल्या कंपन्यांचे खिशात मावणारे रेकॉर्डर साध्याशा स्मार्टफोनच्या किमतीत मिळतात. एका विद्यार्थ्याला हे जड जाईल. शाळेच्या विज्ञान मंडळाने किंवा गावातल्या भजनी मंडळाने मिळून एक घेतला तर तो वर्षानुवर्षे पुरेल. त्याहून स्वस्त म्हणून ‘व्हॉइस रेकॉर्डर’ नावाची पेनाएवढी यंत्रे मिळतात. ती कचेरीतल्या सभांसाठी केलेली असतात. त्यांतली बरीचशी फक्त एमपी थ्री पद्धतीने मुद्रण करतात, आणि वर आपण पाहिलेल्या दोन्ही योजना त्यांत असतातच. पैसे वाचवायला जाऊन तानपुरा पुन्हा गमवायचा!

एमपी थ्रीने काय बिघडते? जागा वाचवण्यासाठी ती पद्धत कानाला कमी जाणवतील असे बारकावे टाकून देते. आधी थोडे गणित करा. ४८,००० नमुने, प्रत्येकी २४ बिटे म्हणजे ३ बाइट, आणि डावाउजवा असे दोन मायक्रोफोन. गुणाकार २,८८,००० बाइट, तोही दर सेकंदाला. तासाला झाले १ अब्ज बाइटांहून थोडे अधिक, म्हणजे साधारण १ गिगाबाइट. ३२ गिगाबाइटांच्या कार्डावर तीस तासांचे गाणे मावले. मग जागेची कंजुषी कशाला? ‘वेव्ह’ या न छाटणाऱ्या पद्धतीनेच मुद्रण करावे. कुणाला पाठवायचे असेल तेव्हा छोटी प्रत काढता येते. छोटीवरून मोठी मात्र होत नाही.

आणि तानपुऱ्याचे बारकावे टाकून चालण्याजोगे नाहीत. तार जिथे छेडावी, त्या जागी ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू येतो, ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत, असा तारांविषयीचा जुना नियम होता. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात तानपुरा आणि वीणा यांवर प्रयोग करून १९२१ साली दाखवले की, या वाद्यांत ते उपस्वरही स्पष्ट उमटतात. कारण त्यांची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तार तिला घासत, लपेटत कंप पावते. जवारी लावताना तारेखाली सुताचा दोरा सरकवतात तो याचसाठी. तो झंकार म्हणजे एकावर एक रचलेले उंच उपस्वर. सगळे अगदी हलके! यंत्राची स्वतःची सरसर मोठी असेल, तर पहिल्यांदा तेच बुडतात.

म्हणून दुकानात, किंवा ज्याच्याकडे रेकॉर्डर आहे अशा ओळखीच्या माणसाकडे, एक परीक्षा अवश्य घ्या. शांत खोलीत खुंटी बरीच वर ठेवून एक मिनिट शांतताच मुद्रित करा आणि कानांवर हेडफोन लावून ऐका. प्रत्येक यंत्रात थोडी सरसर असतेच. पण दोन यंत्रे शेजारी ठेवून एकाच खुंटीला ऐकली की फरक लगेच कळतो. पेटीवरच्या दहा ओळींपेक्षा हे एक मिनिट अधिक खरे सांगते. हेडफोन जोडायला जागा आहे ना, तेही बघून घ्या. मुद्रण चालू असताना आत काय चालले आहे हे ऐकू येणार नसेल, तर ते यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मायक्रोफोनांची दिशाही पाहा. काही सगळीकडून सारखे ऐकतात. टास्कॅम कंपनीच्या ‘डीआर-झिरो-फाइव्ह-एक्स’वर असे दोन असतात. खर्ज ते चांगला पकडतात आणि वाऱ्याचा त्रास त्यांना जरा कमी होतो. काही मुख्यतः समोरचे ऐकतात आणि मागचा आवाज बराच टाळतात. वर सांगितलेल्या झूमवर तसे दोन मायक्रोफोन एकमेकांशी काटकोन करून जोडीने बसवलेले दिसतील. मागे वर्दळीचा रस्ता असेल, तर दुसरी जात बरी. शांत ओसरीवर आजी एकटीच गात असेल, तर पहिलीही उत्तम.

पण मित्रांनो, रेकॉर्डर कोणता यापेक्षा तो कुठे ठेवला याने जास्त फरक पडतो, आणि याला पैसा लागत नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट केले की थेट येणारा आवाज ६ डेसिबेलांनी उतरतो. खोलीत भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे तुम्ही जसजसे दूर जाल, तसतसे गाणे कमी आणि भिंती जास्त ऐकू येतात. मित्राला एकच ओळ गायला सांगून हातभर, तीन हात आणि दहा हात अंतरावरून मुद्रित करा. तिसऱ्या मुद्रणात तो विहिरीत उभा आहे असे वाटेल. मैफलीसाठी साधारण एक ते दीड मीटर अंतर आणि गाणाऱ्याच्या तोंडाहून थोडी उंच जागा घेऊन सुरुवात करावी, मग हेडफोनमध्ये ऐकून दोन वीत पुढेमागे सरकवावे.

देवळातल्या भजनाला हे जरा अवघड जाते. टाळांचा आवाज प्रखर, त्यांपुढे बुवांचे शब्द हरवतात. कार्यक्रमाआधी बुवांना विचारून रेकॉर्डर त्यांच्या समोर, तिवईवर, टाळकरी जिथे आहेत त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. एकाच्या शेजारी मायक्रोफोन नेला की दुसरा दूर पडतो, तेव्हा बुवा, पखवाज आणि पेटी यांचा तोल अंतरानेच साधावा लागतो. पेटीच्या अगदी जवळ ठेवलात तर भात्याची फुसफुस आणि पट्ट्यांची खटखट तेवढी ठळक येईल. तिवई नसेल तर उंच स्टुलावर घडी केलेला टॉवेल घालून त्यावर ठेवा. हातात धरू नका. बोट नुसते सरकले तरी खरखर उमटते.

आणि जाते? तिथे आणखी एक गोष्ट आहे. जात्याची घरघर हवेतून येते तशी जमिनीतूनही येते. रेकॉर्डर जमिनीवर ठेवला तर तिचाच धबडगा होईल. घडी घातलेल्या घोंगडीवर तो ठेवावा. बहुतेक रेकॉर्डरवर खालच्या वारंवारता कापणारी एक कळ असते. ती ८० ते १२० हर्ट्झांच्या आसपासून खालचा भाग गाळते. बाईचा गाता आवाज याच्या बराच वर असतो, तेव्हा जात्यावरच्या ओवीला ही कळ चालेल. तबला, पखवाज, ढोलकी असेल तेव्हा मात्र ती बंद हवी, नाहीतर डग्ग्याचा घुमाराच गाळला जाईल. पण जात्याची घरघर पार काढून टाकू नये. ओवीचा ताल तीच धरते.

उरलेल्या गोष्टी किरकोळ, पण ऐन वेळी दगा देतात त्या ह्याच. अंगणात मुद्रण असेल तर मायक्रोफोनवर फोमची टोपी हवी. नुसत्या फुंकरीनेही केवढा धडधडाट होतो, हे घरी फुंकून पाहा. रेकॉर्डर चार्जरला जोडून ठेवला तर ५० हर्ट्झांच्या विजेची गुणगुण आत येऊ शकते; सेलवर चालवा. पुन्हा चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५चे, कोणते घातले आहेत ते यंत्रात सांगावे लागते, नाहीतर किती शिल्लक आहे याचा अंदाज ते चुकीचा दाखवते. जोडीला नवे दोन सेल खिशात असू द्या.

आजीला आधी विचारा. मुद्रण कशासाठी, कोणाला ऐकवणार, हे तिला सांगा आणि ती ‘बरं’ म्हणाली तरच सुरू करा. कळ दाबल्यावर पहिल्यांदा स्वतः बोला: तारीख, गाव, गाणाऱ्या बाईचे नाव, तिला ही ओवी कोणाकडून आली. गाणे संपल्यावर लगेच कळ बंद करू नका. अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प राहावे आणि त्या जागेची शांतता मुद्रित होऊ द्यावी. पुढे संगणकावर सरसर कमी करायची झाली तर त्या अर्ध्या मिनिटावरून तिचे माप घेता येते. बहुधा याच वेळी आजीला आणखी एक ओवी आठवते. घरी आल्यावर कार्ड पुसण्याआधी दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती करा, एक शाळेच्या संगणकावर आणि एक कोणाच्या तरी घरी. फायलीला ‘रेकॉर्डिंग १’ असे नाव न देता तारीख, गाव आणि गाणारीचे नाव द्या.